केवळराम गुरुजींचे काळे ठोकळे

आदरणीय केवळराम गुरुजींची आणि माझी पहिली ओळख माझ्या रडण्यातून झाली. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या बदल्यांच्या धांदलीत माझी नेमणूक आंधळगावजवळच्या एका लहानशा शाळेवर झाली. माझे माहेर आणि सासर दोन्ही नव्या जिल्ह्यात गेलेले, यजमान नोकरीपायी चंद्रपूरला. कडेवर तीन वर्षांचा प्रशांत, त्याच्या अंगात कणकण. अशी मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिले. मुख्याध्यापकांना, म्हणजे गुरुजींना, काय सांगायचे ते एसटीत पाठ केले होते. ऐन वेळी सगळे विसरले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागले. गुरुजींनी हजेरीपटाकडे नेलेला हात मागे घेतला आणि म्हणाले, "बाई, आधी पाणी प्या. लेकरू काही शाळेले जड नाही. बसू द्या त्याले वर्गात."

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गाच्या कोपऱ्यात एक टोपली होती. अडगळीतल्या मोडक्या बाकाचे पाय कापून, घासून गुरुजींनी ठोकळे केले होते. काही चौकोनी, काही लांबट, एक-दोन अर्धगोल. प्रशांत त्यांच्याशी खेळत बसला आणि मी पाढे शिकवू शकले. माझ्या नोकरीची घडी त्या टोपलीमुळे बसली, हे मी आजवर कोणत्याही सत्कारात सांगितलेले नाही. इथे सांगते.

माझा स्वभाव मुळातच धास्तीचा. आभाळात ढग आला की मला नाल्याचा पूर दिसतो, पोर शिंकले की दवाखाना दिसतो. प्रशांतने ठोकळ्यांवर ठोकळा चढवला की आता हे कोसळणार, याच्या पायावर पडणार, म्हणून मी हात पुढे करायची. गुरुजी मला अडवायचे. "पडू द्या, बाई. पडल्याबिगर त्याले कसं समजंल खाली जड ठेवा लागते म्हणून?" पोराचा मनोरा पडला तर ते हसत नसत आणि मदतही करत नसत. नुसते बघत. शाळेतल्या इतर शिक्षकांना ते गमतीने सांगायचे की इथे काळजी करायचे खाते बाईंकडे आहे, त्यामुळे आपण मोकळे. मला राग यायचा, पण त्यांच्या सावलीत बरेही वाटायचे. आपल्यापेक्षा शांत माणूस जवळ असला की घाबरणाऱ्याला थोडे घाबरून घेता येते.

गुरुजींचे मूळ गाव वैनगंगेच्या काठचे. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांत ते होते. पुनर्वसनाच्या ठिकाणी त्यांना प्लॉट मिळाला, पण नोकरी इकडची, म्हणून त्यांनी आंधळगावातच घर बांधले. जुने घर उतरवले तेव्हा दारांच्या चौकटी, छताला आधार देणाऱ्या मयाली आणि खांब ते ट्रॅक्टरवर घालून घेऊन आले. लोकांनी विचारले, हे जुने लाकूड कायले? गुरुजींनी तेव्हा उत्तर दिले नाही. त्यांची मोठी नात जन्मली आणि उत्तर आपोआप मिळाले. सागवानी चौकटीतून त्यांनी तिच्यासाठी ठोकळ्यांचा पहिला मोठा संच केला. खांब, कमानी, उतरत्या छपराचे तिरपे तुकडे, पायऱ्या. पुढे मुलांची मुले झाली, शेजाऱ्यांची झाली, विद्यार्थ्यांचीही झाली. कोणाच्या घरी बारसे असले की गुरुजी लाकूड काढून बसायचे. निवृत्तीनंतर त्यांच्या ओसरीवर रोज सकाळी करवतीचा आवाज असे आणि आजूबाजूची म्हातारी मंडळी चहाचा कप घेऊन तिथेच बसत.

त्यांची काम करण्याची रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे त्या रीतीतूनच घडले. गुरुजींनी ठोकळ्याला कधी रंग दिला नाही. "लेकरू पयले वस्तू तोंडात घालते, मंग हातानं खेळते," असे ते म्हणत. नुसते जवसाचे तेल लावायचे आणि फडक्याने घासत बसायचे. शेवटची परीक्षा गालावर. प्रत्येक ठोकळा सगळ्या बाजूंनी ते स्वतःच्या गालावर फिरवत. कुठे कुसळ टोचले, कडा लागली, तर पुन्हा घासायला. त्यांच्या सौभाग्यवती ताराकाकू म्हणायच्या, "दाढी कमी करतेत, पण गालाले लाकूड रोज." गालाला लागले नाही की तो ठोकळा टोपलीत जाई.

गुरुजींच्या पंच्याहत्तरीनिमित्त गौरव अंक काढणाऱ्या समितीने मला त्यांच्या शैक्षणिक कार्यावर लिहायला सांगितले होते. मी गुरुजींना विचारायला गेले, तेव्हा ते म्हणाले, "माझ्या शाळेचं लिहाले दुसरे आहेत. तुम्ही त्या काळ्या ठोकळ्यांचं लिहा." मला पटेना. अमृतमहोत्सवाच्या अंकात असले काही लिहितात का? समितीतल्या एका ज्येष्ठांनीही मला फोन करून सांगितले की तेवढा प्रसंग राहू द्या, शुभकार्य आहे. पण गुरुजी ऐकेनात. "लोकांच्या घरी अजून जुने खांब आहेत, बाई. कोणी उद्या त्याची खेळणी करंल. लिहा." तेव्हा मी लिहीत आहे.

माझी नात स्वरा, म्हणजे प्रशांतची मुलगी, दीड वर्षांची झाली त्या सुमारास गुरुजींकडचे सागवान संपत आले होते. उरले होते ते जुन्या घराच्या ओसरीचे खांब, येनाच्या म्हणजे ऐनाच्या लाकडाचे. खांबाचा जो भाग जमिनीत गाडलेला असतो तो काळा पडला होता, पण आतून टणक. वाळवीने त्याला तोंडसुद्धा लावले नव्हते. गुरुजींना तो काळा रंग फार आवडला. रंग न देता रंग मिळाला. त्यांनी त्याचे लहान लहान खांब केले, म्हणजे पिवळसर कमानीखाली काळे खांब उभे राहतील. त्या वेळी तीन संच झाले. एक एकोडीला, त्यांच्या मुलीच्या, वंदनाताईंच्या, धाकट्या मुलीसाठी. एक गावातल्या अंगणवाडीला. आणि एक आमच्या स्वरासाठी, तो गुरुजी स्वतः घेऊन आले. स्वराने सर्वांत आधी काळा ठोकळा उचलला आणि तोंडात घातला. आम्ही सगळे हसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे ओठ सुजले. दुपारपर्यंत गाल लाल, संध्याकाळी पापण्या इतक्या फुगल्या की डोळे दिसेनात. हातांवर पाण्याचे फोड. माझी सून प्रणाली तिला छातीशी धरून भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेली, मागोमाग मी आणि प्रशांत. डॉक्टरांनी औषध सुरू केले आणि सांगितले की कशाचा तरी, किड्याचा किंवा उन्हाचा, त्रास झाला आहे, नेमका कशाचा ते शोधा. डोळ्यांचे विचारले तर म्हणाले, सूज उतरल्याशिवाय आतले काही दिसत नाही, थांबावे लागेल. थांबावे लागेल, या शब्दांना मी आयुष्यात इतकी कधी भ्याले नव्हते. स्वरा आईच्या आवाजाकडे तोंड वळवायची आणि डोळे उघडत नाहीत म्हणून हाताने चोळायला जायची. तिचे हात धरून ठेवावे लागत. पदराआड मी किती रडले ते माझे मला ठाऊक. शेवटी प्रणालीच म्हणाली, "आई, तुम्ही घरी जा. तुमच्या रडण्यानं ती घाबरून राहिली."

घरी आले तर आमच्या ओसरीत गुरुजी बसलेले. बातमी त्यांना कळली होती. मी सांगू लागले, फोड असे, सूज अशी, आणि सांगता सांगता माझेच मला आठवले. लहानपणी बिब्याच्या झाडाखाली खेळून आले होते तेव्हा माझे तोंड हुबेहूब असेच झाले होते. आमच्याकडे त्याला बिबा उतणे म्हणतात. कोणाला उततो, कोणाला अजिबात उतत नाही. मी म्हटले, "गुरुजी, हे बिब्यासारखं दिसते. पण घरात बिबा कुठून येईल?"

गुरुजी पुढे सरकले. स्वराची टोपली मागितली, एक काळा ठोकळा नाकाशी नेला आणि पुन्हा पुन्हा हुंगला. मग अगदी हळू म्हणाले, "बाई, माझा बाप खांब गाडाच्या आधी त्याच्या बुडाले बिब्याचं तेल चोपडे. उधई लागू नये म्हणून. मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. अन् मीच इसरलो." जुन्या काळी आपल्या झाडीपट्टीत सगळेच हे करत. गाडीच्या आसाला, खुंट्यांना, जमिनीत जाणाऱ्या लाकडाला बिब्याचे तेल लागत असे. वाळवी त्या खांबाला का शिवली नव्हती, याचे उत्तर तिथेच होते. गुरुजींना स्वतःला बिबा उतत नाही. प्रत्येक काळा ठोकळा त्यांनी गालावर फिरवला होता आणि त्यांच्या गालाला काहीच झाले नव्हते.

मी त्यांना काय म्हणायला हवे होते ते मला आजही कळत नाही. माझ्या मनात राग होता. ज्या माणसाने माझ्या मुलाला सांभाळले त्याच्याच हातून माझ्या नातीचे डोळे जातात की काय, या विचाराने मला त्यांच्याकडे बघवेना. गुरुजींनी ते ओळखले असावे. ते उठले आणि तडक बसने भंडाऱ्याला गेले, दवाखान्यात. प्रणालीने मला नंतर सांगितले, ते दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. डॉक्टरांना सगळे सांगितले आणि मग तिला म्हणाले, "पोरी, हे माझ्या लाकडानं झालं. किडा नाही, ऊन नाही. माझ्या हातानं झालं." प्रणालीच्या तोंडून कडू शब्द गेले. तुम्हांला लेकरांचा जीव म्हणजे खेळ वाटला काय, असे ती म्हणाली. गुरुजींनी मान खाली घालून ऐकून घेतले आणि निघाले. त्याच दिवशी अंगणवाडीतला संच त्यांनी उचलून आणला. तिथे टोपली अजून उघडलीसुद्धा नव्हती.

राहिला एकोडीचा. दुसऱ्या सकाळी गुरुजी निघाले, तेव्हा मी म्हटले, मीही येते. घरात बसून मला वेड लागले असते. आंधळगावाहून मोहाडी, तिथून भंडारा, भंडाऱ्याहून साकोली, पुढे एकोडी. वाटेत भंडाऱ्याला उतरून मी नातीला पाहून आले. सूज तशीच. पुढच्या बसमध्ये गुरुजी खिडकीशी बसले आणि त्यांनी मला इतके प्रश्न विचारले की मी थक्क झाले. वंदनाच्या पोरीनं तोंडात घातला असंल काय? फोन तं केला, पण ती उचलून राहिली नाही, काहून उचलत नसंल? तिलाही माझ्यासारखाच नाही उतला तर? अन् उतला तर? काळजीचे खाते आता त्यांच्याकडे गेले होते, आणि मी, जिने जन्मभर तेच केले, त्यांना धीर देत होते. तो धीर मला कुठून आला कोण जाणे.

लेकीच्या सासरी बाप काहीतरी घेऊन जातो. तिथून दिलेली वस्तू परत आणायला जात नाही. आपल्याकडे याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट नाही, आणि वंदनाताईंच्या विहीणबाई जुन्या वळणाच्या. आम्ही पोहोचलो तेव्हा नात अंगणात बसून त्याच ठोकळ्यांचे घर बांधत होती. अंगावर एक पुरळ नाही. गुरुजींनी श्वास सोडला, पण लगेच तिच्या हातातला काळा ठोकळा काढून घेतला. पोरीने भोकाड पसरले. विहीणबाई बाहेर आल्या.

"काय झालं जी? दिलेलं माघारी नेतेत काय? आमच्याकून काही चुकलं काय?"

वंदनाताई दाराआडून बापाकडे बघत होत्या. त्यांना हे सहन होत नव्हते हे चेहऱ्यावर दिसत होते. माझ्या मनात आले, पुन्हा तेल लावून देतो, दुरुस्त करून देतो असे काहीतरी सांगावे आणि निघावे. लेकीची मान खाली जाणार नाही. गुरुजींनी तसे केले नाही.

"तुमचं काही नाही चुकलं, विहीणबाई. चूक माझी आहे. या लाकडाले बिब्याचं तेल लागलं आहे. एका लेकराचे डोळे सुजून बंद झाले. हे खेळणं मी लेकरांच्या हाती द्याले नाही पाहिजे होतं."

"आमच्या पोरीले तं काहीच नाही झालं."

"उद्या होईल. नाहीतर तिच्यासंगं खेळाले येणाऱ्या दुसरीले होईल. नाही जी, हे मले नेऊच द्या."

विहीणबाईंनी नातीला कडेवर घेतले आणि सुनेला म्हणाल्या, "वंदना, तुझ्या बाबाले जेवू घाल. थकले ते." गुरुजी जेवत असताना रडून दमलेली नात त्यांच्या मांडीवर येऊन बसली आणि नवे कधी आणाल म्हणून विचारू लागली. गुरुजी म्हणाले, आता नाही आणत, बाळा.

परतताना साकोलीच्या बसस्थानकावर माझा फोन वाजला. प्रणालीचे नाव दिसले आणि मला तो उचलता येईना. गुरुजींनी फोन घेतला, कानाला लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कितीतरी वेळ ते नुसते "हो, पोरी" म्हणत होते. मग फोन माझ्याकडे देत म्हणाले, "डोळे उघडले. आईले पाहून हासली म्हणते. डॉक्टरनं तपासलं, आत काही नाही." आणि ठोकळ्यांची पिशवी मांडीवर धरून गुरुजी तिथे सगळ्यांदेखत रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिले. माझ्या मनातला त्यांच्याविषयीचा राग तिथेच संपला.

ते ठोकळे जाळता येत नाहीत, बिब्याच्या धुरानेही उतते. गुरुजींनी शेताच्या बांधापलीकडे खोल खड्डा करून तिन्ही संच पुरले. त्यात चांगले सागवानी ठोकळेही होते, कमानी होत्या. ते तेवढे वेगळे काढा, असे ताराकाकू म्हणाल्या. गुरुजी म्हणाले, एकमेकांले घासले असतील, मले आता काही ओळखू येत नाही. उरलेले खांबही त्यांनी त्याच खड्ड्यात ढकलले. त्यानंतर ओसरीवरचा करवतीचा आवाज बंद झाला. कोणी बारशासाठी ठोकळे मागायला आले तर आता हात चालत नाही, असे सांगून परत पाठवत. हात चालत होते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, इथे तर ताक प्यायचेच बंद झाले होते. स्वरा मोठी होत होती, ओसरीवर जाऊन त्यांच्या गळ्यात पडत होती, तरी ते तिच्या डोळ्यांकडे आधी बघत आणि मग तिच्याशी बोलत.

प्रणाली त्यानंतर त्यांच्या घरी गेली नव्हती. नमस्कार करी, पण लांबून. म्हणून गेल्या महिन्यात ती मला म्हणाली, "आई, माझ्यासंगं गुरुजींकडं चला," तेव्हा मला धडकीच भरली. तिला पुन्हा दिवस गेले आहेत. आता ही काय बोलेल, पंच्याहत्तरीच्या तोंडावर त्यांना काय ऐकावे लागेल, या विचारात मी तिच्यामागे गेले.

गुरुजी ओसरीवर बसले होते. ती समोर पाटावर बसली आणि सरळ म्हणाली, "गुरुजी, या लेकरासाठी ठोकळे पाहिजे."

गुरुजी नाही म्हणाले. बाजारात चांगले मिळते, तेच घे, पोरी. माझ्या लाकडाचा भरोसा नाही.

प्रणाली म्हणाली, "बाजारातल्या खेळण्यानं काही झालं, तर तो दुकानदार दवाखान्यात येऊन सांगंल काय मले, की माझ्या हातानं झालं म्हणून? तुम्ही नसते सांगितलं तं मी जन्मभर उन्हालेच दोष दिला असता. तुम्ही सांगितलं. म्हणून मी तुमच्याकडंच आली."

ताराकाकू आत गेल्या आणि पदराने डोळे पुसून चहा घेऊन आल्या. नंतर गुरुजींनी तिला एवढेच विचारले, "कोणतं लाकूड आणू?" ती म्हणाली, नवीन आणा, पावती असलेलं, मी संगं येते.

आता त्यांच्या ओसरीवर पुन्हा करवतीचा आवाज आहे. हात पूर्वीसारखे स्थिर नाहीत, एक ठोकळा घासायला दुप्पट वेळ लागतो, आणि मी रोज जाऊन बघते, बोट तर कापले नाही ना, उन्हात तर बसले नाहीत ना. गुरुजी वैतागतात. वैतागू देत. गुरुजी, या अंकात अनेक थोर मंडळींनी आपणांस शंभर वर्षांचे आयुष्य चिंतिले असेल. मी जरा घाबरतच, पण हट्टाने मागते, की आपली दृष्टी, आपले हात आणि आपले मन सुदृढ राहोत, ताराकाकूंची साथ अखंड राहो, आणि आपणांस पुष्कळ, पुष्कळ वर्षे लाभोत. येणारे बाळ जन्मायला अजून अवकाश आहे, बसून खेळायला त्याहून अवकाश, आणि आमची प्रणाली दुसऱ्या कोणाचे ठोकळे घरात घेणार नाही.